बेचाळीस डोकी

(शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच. फ्लॉरेन्स पाहून लिव्होर्नो बंदराकडे परतणारी, जहाजाच्या सहलीची चौदा नंबरची बस.)

लोरेदाना : खाली बसा साहेब, चालत्या बसमध्ये असं उभं राहायचं नसतं. तासाभरात बंदर येईल, तोवर दम धरा.

लॉइड : एक विचारायचं होतं. माझी बायको कुठे बसलीये?

लोरेदाना : तुमची बायको, आणि मला विचारताय? सकाळी जिथे बसला होतात तिथेच असेल की.

लॉइड : सकाळी मी नव्हतो.

लोरेदाना : नव्हतो म्हणजे?

लॉइड : म्हणजे ह्या बसमध्ये नव्हतो. मी आगगाडीने आलो, आठ दहाच्या. बसने ती आली, तुमच्याबरोबर. मेव्हिस टकर. पांढरे आखूड केस, निळं जाकीट. मी शेवटच्या सीटपासून इथपर्यंत एकेक तोंड बघत आलो. ती नाहीये.

लोरेदाना : थांबा, थांबा. तुम्ही माझ्या सहलीत नाही?

लॉइड : नाही.

लोरेदाना : मग माझ्या बसमध्ये काय करताय?

लॉइड : बसलो होतो.

लिबेरो : लोरे, काय म्हणतोय गं म्हातारा?

लोरेदाना : तू समोर बघून गाडी हाक. हे बघा साहेब, मी सव्वीस वर्षं गाइडचं काम करतेय. माझ्या यादीत बेचाळीस माणसं आहेत आणि निघताना मी बेचाळीस डोकी मोजली. बरोब्बर बेचाळीस.

लॉइड : त्यातलं एक माझं होतं.

लोरेदाना : मारियामाते!

लिबेरो : काय झालं? कुणी ओकलं का मागे?

लोरेदाना : लिबेरो, ह्या माणसाला आत कुणी घेतलं?

लिबेरो : कुठल्या माणसाला?

लोरेदाना : हा आपल्या दोघांच्या मधे टोपी घालून उभा आहे, ह्याला.

लिबेरो : हां, हा होय. हा सव्वातीनला आला पार्किंगमध्ये, लंगडत. मला गुडघे दाखवले, मग काचेवरचा चौदा नंबर दाखवला, मग बोटातली अंगठी दाखवली. म्हटलं, बायको चौदामध्ये असेल. ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, बस बाबा मागे जाऊन.

लोरेदाना : आणि मला सांगितलं नाहीस.

लिबेरो : कधी सांगू? तू आलीस तीच फोन कानाला लावून. मोजलंस, 'चल' म्हणालीस. मी निघालो. एरवी दोनदा मोजतेस, आज एकदाच मोजलंस. मी काही बोललो का?

लॉइड : काय म्हणतायत ते?

लोरेदाना : तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतायत. मला सांगा, निघून आपल्याला वीस मिनिटं झाली. बायको चढलीच नाही हे तुम्हाला आत्ता दिसलं?

लॉइड : मी तोंडासमोर पेपर धरून बसलो होतो.

लोरेदाना : कुठला पेपर?

लॉइड : सीटवर पडला होता. गुलाबी.

लिबेरो : गुलाबी? माझा फुटबॉलचा पेपर! परत दे म्हणावं त्याला, मी अजून वाचला नाही.

लोरेदाना : आणा तो इकडे, लिबेरोचा आहे. इटालियन वाचता येतं तुम्हाला?

लॉइड : एक अक्षर नाही. तिला दिसायचं नव्हतं मला. म्हणून खाली घसरून बसलो होतो. ती पुढे कुठेतरी बसली असेल, बंदरात उतरली की पाच मिनिटांनी आपण मागच्या दाराने उतरू, असा बेत होता.

लोरेदाना : का पण? स्वतःच्या बायकोपासून लपायला काय चोरी केलीत?

लॉइड : एकोणीस वर्षं आम्ही जहाजाने फिरतोय. एकोणीस वर्षं मी सांगत आलो की सहलीच्या बसने जाणारे लोक म्हणजे मेंढरं. पुढे एक जण काठीला नंबर लावून चालतो आणि मागे पन्नास. प्रत्येक बंदराची मी घरून टिपणं काढून आणतो. कुठून बस, किती वाजता, किती मिनिटं चालायचं. एकदाही जहाज चुकलं नाही. आणि ह्या खेपेला तिने मला न विचारता स्वतःचं एकटीचं सहलीचं तिकीट काढलं. काल रात्री ठेवलं टेबलावर.

लोरेदाना : मेंढरं.

लॉइड : तुम्हाला उद्देशून नव्हतं.

लोरेदाना : काठी मीच धरते साहेब. मलाच उद्देशून आहे. मग आज आगगाडीने परत का नाही गेलात? टिपणात नव्हती का?

लॉइड : होती. दोन अठ्ठावीसची. स्टेशनवर गेलो तर पाटीवर सगळ्या गाड्या रद्द. पुढची सहानंतर.

लिबेरो : संपाचं बोलतोय का? आज संप आहे. शुक्रवार ना.

लोरेदाना : संपाच्या दिवशी सकाळी नऊपर्यंतच्या गाड्या सोडतात, मग एकदम संध्याकाळी सहापासून. आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल तुम्हाला. कुणालाच विचारलं नाहीत?

लॉइड : मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, रजायनाला, कॅनडात. वेळापत्रकाच्या खात्यात. गाडीची वेळ मी कुणाला विचारत नाही.

लिबेरो : काय म्हणाला?

लोरेदाना : रेल्वेत होता म्हणे.

लिबेरो : आणि ह्याला संप माहीत नाही? कसला डोंबलाचा रेल्वेवाला!

लोरेदाना : बरं, आता बायकोचा फोन नंबर सांगा. पटकन.

लॉइड : आमच्यात फोन एकच आहे. तो माझ्याकडे आहे.

लोरेदाना : तुम्ही घेतलात?

लॉइड : तिनेच दिला, सकाळी धक्क्यावर. म्हणाली, "तूच ठेव. मला मोजायला माणूस आहे."

लिबेरो : लोरे? अगं, तोंड का उतरलं तुझं?

लोरेदाना : दोन मिनिटं गप्प बस. आता सगळं नीट सांगते ते ऐक. ह्याची बायको फ्लॉरेन्सला राहिली. फोन नाही, पासपोर्ट जहाजावर, भाषा येत नाही. वय असेल सत्तर-बहात्तर. आणि सात वाजता जहाज सुटणार.

लिबेरो : अरे बापरे.

लोरेदाना : ती एकटी आली होती. जोडीने आलेल्यांचं बरं असतं, एक राहिला की दुसरा बोंब मारतो. एकट्या बाईसाठी कोण ओरडणार? मीच ओरडायला हवं होतं.

लॉइड : बस वळवता येईल का?

लोरेदाना : हा हमरस्ता आहे, इथे कुठे वळवता? पुढे एम्पोलीचा फाटा येईल. आणि मागे जाऊन करू काय? सगळ्या फ्लॉरेन्सभर बस फिरवू? बसा त्या पायरीवर. आधी तिला शोधू द्या.

लॉइड : कुणाला फोन करताय?

लोरेदाना : फोस्काला. सांता क्रोचे चर्चच्या चौकात तिचं चामड्याचं दुकान आहे. मोकळा वेळ दिला की आम्ही सगळे गाइड माणसं तिथे सोडतो... फोस्का? मी लोरेदाना. अगं ऐक, चौकात माझी एक बाई राहिलीये. पांढरे केस, निळं जाकीट, छातीवर चौदा नंबरचा गोल बिल्ला... नाही, थट्टा नाही करत. गल्ला पोरीवर सोपव आणि आधी चर्चच्या पायऱ्या बघ, चुकलं तर तिथे थांबा म्हणून मी सकाळी सांगितलं होतं. सापडली की लगेच मला लाव.

लॉइड : चुकलं तर चर्चच्या पायऱ्यांवर थांबा, हे तुम्ही सकाळी नीट सांगितलं होतंत. मी ऐकलं.

लोरेदाना : तुम्ही कुठून ऐकलंत?

लॉइड : तुमच्यापासून दहा-बारा पावलांवर होतो. साडेदहापासून. पुलाच्या अलीकडे तुमची काठी दिसली, म्हटलं बघावं तरी पैसे घेऊन काय दाखवतात. मग दुपारपर्यंत चाललो मागे मागे. तुम्ही चांगलं सांगता. मोठ्याने आणि स्पष्ट. फक्त त्या चर्चच्या दारापाशी बावीस मिनिटं घालवलीत. माझ्या टिपणात सात होती.

लोरेदाना : मी कधीच मोठ्याने बोलत नाही. प्रत्येकाच्या कानात यंत्र असतं, मी कुजबुजले तरी ऐकू जातं. फुकट्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तर ती आणली. आज एका बाईंचं यंत्र बिघडलं आणि दिवसभर ओरडून माझा घसा बसला.

लिबेरो : एम्पोली सात किलोमीटर. काय करू, बाहेर घेऊ की सरळ जाऊ?

लोरेदाना : विचार करू दे.

लिबेरो : माझं ऐक. बाई सापडली की टॅक्सीत घाल आणि थेट बंदरावर पाठव. आपण सरळ जाऊ. कुणाला काही बोलायचं नाही. जहाजं काय, पाच-दहा मिनिटं उशिरा सुटतातच.

लोरेदाना : शुक्रवार आहे, पुढे रस्त्याचं काम चाललंय. टॅक्सी सव्वासातशिवाय पोचत नाही.

लॉइड : टॅक्सी म्हणालात का? टॅक्सीसाठी जहाज थांबत नाही.

लोरेदाना : माहितीये हो मला.

लॉइड : जहाज स्वतःच्या बससाठी थांबतं, बाहेरच्यासाठी नाही. सहलीच्या पत्रकात तिसऱ्या पानावर खाली लिहिलेलं असतं. एकोणीस वर्षं तो परिच्छेद वाचून मी हसत आलोय. म्हणायचो, भीती दाखवून तिकिटं खपवतात.

लोरेदाना : आणि बस वेळेवर पोचली तर त्यांच्या लेखी सगळे आले. निघाल्यावर मी बंदरावर कळवून टाकलंय, "चौदा नंबर, बेचाळीसपैकी बेचाळीस." ते कशाला थांबतील?

लॉइड : मग ही बस उशिरा पोचली पाहिजे. मेव्हिसला घेऊन.

लोरेदाना : हो.

लॉइड : आणि त्यासाठी तुम्हाला आकडा चुकला म्हणून सांगावं लागेल.

लोरेदाना : हो.

लॉइड : मी सांगतो. सगळं माझ्यामुळे झालं. चोरून बसलो म्हणतो.

लोरेदाना : मग ते विचारतील दार कुणी उघडलं. यादीबाहेरचा माणूस बसमध्ये घेतला, त्याचा विमा नाही, म्हणजे लिबेरोची नोकरी गेली. दीड वर्षाने निवृत्त व्हायचाय हा. तुम्ही कृपा करून काहीही सांगू नका.

लिबेरो : माझं नाव कशाला निघालं?

लोरेदाना : तुझी आरती ओवाळत होते... थांब, फोस्काचा फोन आला. हं, बोल... सापडली? पायऱ्यांवर? देवा तुझी कृपा... काय? कुणाला शोधतेय? बरं, दे तिला फोन. मी आवाज मोठा करते. मेव्हिसबाई? मी लोरेदाना, गाइड. तुम्ही बऱ्या आहात ना?

मेव्हिस : मी ठणठणीत आहे. तुम्ही निघालात ना? चांगलं केलंत. तुम्हाला निरोप द्यायला हवा होता, पण वेळच मिळाला नाही. माझ्यासाठी खोळंबू नका.

लोरेदाना : अहो, खोळंबू नका काय? सात वाजता जहाज सुटणार!

मेव्हिस : सुटू दे. माझा नवरा हरवलाय. त्याला इथे टाकून मी जहाजावर काय करू?

लोरेदाना : नवरा...

मेव्हिस : तुम्ही नसेल पाहिलात. तपकिरी टोपी, हातात टिपणांची वही. सकाळी पुलापाशी दिसला मला, एका कमानीआड उभा होता. मग दिवसभर आपल्या मागेच होता. त्याला वाटत होतं, मला दिसत नाही. दोन वाजायच्या आत एकदम दिसेनासा झाला.

लोरेदाना : तुम्ही त्यांना सकाळपासून बघत होतात?

मेव्हिस : म्हणून तर तुम्हाला त्रास दिला ना. माझं यंत्र चांगलं चालू होतं. पण त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, लांबून त्याला काय कळणार? म्हणून म्हटलं, बिघडलंय, जरा मोठ्याने बोला. तुमचा घसा बसला असेल. माफ करा हं.

लोरेदाना : आणि सारखं "सावकाश चला" म्हणत होतात ते?

मेव्हिस : त्याचे गुडघे.

लॉइड : बाई, मला फोन—

लोरेदाना : जरा थांबा, त्यांना बोलू दे.

मेव्हिस : मोकळ्या वेळात एका दुकानात कळलं, आज गाड्या बंद आहेत. तो स्टेशनवर जाऊन बसेल आणि जीव गेला तरी कुणाला विचारणार नाही. मी तशीच धावत स्टेशनवर गेले, दोनदा सगळे फलाट पालथे घातले. तिथे नाही. परत आले तर तुमची वेळ टळून गेली होती. आता ह्या दुकानवाल्या बाईला म्हणतेय, पोलीस चौकी कुठे ते दाखव.

लोरेदाना : पोलीस नकोत. लॉइडसाहेब, घ्या. बोला आता. हे माझ्याकडून नको ऐकायला त्यांनी.

लॉइड : मेव्हिस.

मेव्हिस : लॉइड? अरे, कुठे आहेस तू?

लॉइड : बसमध्ये.

मेव्हिस : कुठल्या बसमध्ये?

लॉइड : तुझ्या.

मेव्हिस : माझ्या?

लॉइड : मागच्या सीटवर होतो. मला वाटलं तू पुढे असशील. मेव्हिस? ऐकतेयस ना? फोन कट झाला का?

मेव्हिस : नाही. खाली बसले जरा. दीड तास उभी होते. लॉइड, मी इथे माणसामाणसाला धरून विचारतेय, हातवारे करून तुझी टोपी दाखवतेय. एका पाद्र्यालासुद्धा विचारलं.

लॉइड : मला माहीत नव्हतं.

मेव्हिस : आणि तू बसमध्ये बसून होतास. एकदा मान वर करून बघितलं नाहीस, मी चढले की नाही ते.

लॉइड : नाही बघितलं.

मेव्हिस : मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही. त्या बाईंना दे फोन.

लोरेदाना : मी आहे. ऐका, फोस्का तुम्हाला टॅक्सीत बसवेल. टॅक्सी एम्पोलीच्या फाट्यावर येईल, बाहेर पडल्यावर पेट्रोल पंप आहे, तिथे आम्ही उभे आहोत. तुम्हाला घेतल्याशिवाय ही बस हलणार नाही. लिबेरो, बाहेर काढ गाडी. थांबतोय आपण.

लिबेरो : थांबतोय? पक्कं? मग बंदरावर फोन कर आधी. आणि माझं नाव घे. मी घेतलं म्हाताऱ्याला, मी निस्तरतो.

लोरेदाना : तू गप्प बस.

लिबेरो : अगं, मोजणी चुकलेल्या गाइडला पुढच्या मोसमात कुणी बोलावत नाही. त्या सबीनाचं काय झालं? आता पिसाला चावीच्या साखळ्या विकतेय.

लोरेदाना : चुकली ती चुकलीच ना? मी फोनवर बोलत बोलत टोप्या मोजल्या. तोंडं बघितली असती तर ह्याचं तोंड सकाळी नव्हतं हे मला कळलं नसतं का? थांब, लागला... हॅलो, चौदा नंबर बोलतेय. लोरेदाना. माझा आकडा चुकला. बेचाळीस नाही, एक्केचाळीस. एक बाई मागे राहिल्या... हो, सापडल्या आहेत. मी एम्पोलीला बस थांबवलीये, त्यांना घेऊन येतेय. साडेसात होतील... माहितीये मला... हो, चूक माझी. लिहा ना, माझ्याच नावावर लिहा... आणि त्यांचे मिस्टर वाटेत भेटले, संपात अडकलेले, त्यांनाही मीच बसमध्ये घेतलंय. ड्रायव्हर नको म्हणत होता... बरं. जहाज थांबतंय ना, तेवढं सांगा... ठीक आहे.

लॉइड : ड्रायव्हरसाहेब, काय म्हणाल्या ह्या? तुम्ही सांगा ना. काय सांगितलं त्यांनी?

लिबेरो : तुला कळणार नाही म्हातारबुवा, पण सांगतो. तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. तुझ्या बायकोसाठी आणि माझ्यासाठी. आणि तुझ्यासाठी, खरं तर.

लॉइड : हं. आवाजावरून तसंच वाटलं.

लोरेदाना : आता मागच्यांना सांगते. मंडळी, माइक चालू आहे का? मंडळी, आपल्यातल्या एक बाई फ्लॉरेन्सला राहिल्या. चूक माझी आहे, मोजताना चुकले. त्या येईपर्यंत पाऊण तास आपण इथे थांबणार आहोत... नाही, जहाज जाणार नाही, आपल्यासाठी थांबलंय... हो, जेवणाची पहिली पंगत चुकेल. दुसऱ्या पंगतीला बसा... नाही साहेब, तुम्ही राहिला असतात तर तुमच्यासाठीही थांबलो असतो... हो, तुमच्यासाठीही.

लॉइड : चिडलेत का ते?

लोरेदाना : चिडणारच. तुम्ही नसतात चिडलात?

लॉइड : मी वेळ लिहून ठेवली असती, तक्रारीसाठी.

लोरेदाना : आता एक विचारू? भांडण नाही, नुसतं विचारते. तिला का यायचं होतं माझ्या सहलीत?

लॉइड : पाय दुखतात म्हणाली.

लोरेदाना : दिवसभर माझ्या बरोबरीने चालली, मग धावत स्टेशनवर जाऊन आली. तिच्या पायांना काही झालेलं नाही.

लॉइड : मग मला माहीत नाही.

लोरेदाना : माहितीये तुम्हाला.

लॉइड : मागच्या वर्षी दुब्रोव्हनिकला तिला तटावर बसायचं होतं. नुसतं बसायचं होतं, समुद्राकडे बघत. आईस्क्रीम घेतलं होतं तिने. माझ्या टिपणात तिथे अकरा मिनिटं होती, त्यातली चार रांगेत गेली. मी म्हटलं, चालता चालता खा. सगळं आईस्क्रीम तिच्या बाहीवर सांडलं. ती बसमध्ये बसून नुसती बाही पुसत होती.

लोरेदाना : मग?

लॉइड : मग काही नाही. जहाजावर चाळीस मिनिटं आधी पोचलो. मी खूश होतो.

लिबेरो : रडतोय का काय तो?

लोरेदाना : नाही. घाम पुसतोय. तुझा पेपर दे बघू त्याला परत.

लिबेरो : त्याला वाचता येत नाही ना?

लोरेदाना : तरी दे.

लॉइड : मी तिला मागे टाकून आलो. सत्तरीच्या बाईला, परक्या गावात. आणि इतकी वर्षं मी टेबलावर चारचौघांत सांगायचो, त्या बसवाल्यांना कोण विचारतं, ते नुसतं डोकी मोजतात.

लोरेदाना : डोकीच मोजतो आम्ही. आज तीसुद्धा नीट मोजली नाहीत.

लॉइड : ती खाली उतरली की काय बोलू मी तिच्याशी?

लोरेदाना : मला काय विचारता? मी सव्वीस वर्षं चर्चची दारं समजावून सांगतेय. माझा नवरा लग्नाच्या आठव्या वर्षी सोडून गेला.

लिबेरो : ती बघ! पांढरी टॅक्सी. अगं, तीच ती. निळं जाकीट.

लोरेदाना : दार उघड. या, मेव्हिसबाई, या. पायरी उंच आहे, हात द्या. मी तुमची माफी मागते. तुम्हाला सोडून जायला नको होतं मी.

मेव्हिस : तुम्ही कशाला माफी मागता? मीच आले नाही वेळेवर. ती फोस्का फार भली बाई. टॅक्सीत पाण्याची बाटली दिली, आणि माझा मुका घेतला. लॉइड कुठे आहे? हा इथे! तू दारात काय उभा आहेस? आत सरक.

लॉइड : मी उतरतोय.

मेव्हिस : कुठे उतरतोयस?

लॉइड : मी ह्यांच्या यादीत नाही. बंदरावर माणसं मोजतील, एक जास्त निघेल. आधीच ह्या बाईंच्या पोटावर पाय आलाय माझ्यामुळे. तू जा बसने. ही टॅक्सी उभी आहे, मी मागून येतो.

लोरेदाना : साहेब, बस तुमच्याआधी पोचणार आणि जहाज लगेच सुटणार. टॅक्सीसाठी ते थांबणार नाहीत. तुम्हीच सांगितलंत ना मघाशी?

लॉइड : माहीत आहे. मग उद्या पुढच्या बंदरावर गाठतो. तशी वेळ मी कधी आणली नाही, पण गाठता येतं.

मेव्हिस : ठीक आहे. चल.

लॉइड : तू कुठे चाललीस?

मेव्हिस : तुझ्याबरोबर. आत्ता दीड तास शोधलंय तुला. परत शोधायची ताकद नाही माझ्यात.

लॉइड : मेव्हिस, तू यादीत आहेस. तुझी जागा आहे इथे. बस खाली.

मेव्हिस : माझ्या शेजारची जागा सकाळपासून रिकामी आहे, लॉइड. तिकडे जाताना मी तिथे पिशवी ठेवली होती.

लिबेरो : लोरे, हे चढतायत का उतरतायत? टॅक्सीवाला हॉर्न मारतोय आणि मागचे आता मला शिव्या देतील.

लोरेदाना : जा म्हणावं टॅक्सीला. लिबेरो, दार लाव. साहेब, मी बंदरावर सांगून टाकलंय की तुम्हाला मीच घेतलं. माझं जे व्हायचं ते होईल, तुम्ही उतरलात म्हणून कमी होणार नाही. दोघं बसा. मला मोजायचंय.

लॉइड : मेव्हिस, मला—

मेव्हिस : आत्ता नको. बस आधी. वाटेकडच्या सीटवर तू बस, तुझे पाय तिकडे लांब होतात.

लोरेदाना : मंडळी, जरा सगळे सरळ बसा आणि टोप्या काढा. ह्या वेळी तोंडं बघणार आहे मी. एक, दोन, तीन, चार... आजी, तुम्ही झोपलात तरी चालेल, मान वर करा फक्त... सतरा, अठरा...

लिबेरो : दोनदा मोज गं बाई.

लोरेदाना : तीनदा मोजेन. एकोणचाळीस... चाळीस, एक्केचाळीस. मेव्हिसबाई?

मेव्हिस : बेचाळीस.

लोरेदाना : साहेब?

लॉइड : मी यादीत नाहीये.

लोरेदाना : यादी मी विचारली नाही.

लॉइड : त्रेचाळीस.